कानांनी फोटो शिकताना

“तुमचा एक फोटो काढू का?”

रोपवाटिकेतल्या त्या माणसाने पाइप बाजूला केला, पण पाणी चालूच ठेवलं. “का? मी हरवलोय का?”

मला हसू फुटलं. मग सगळं सांगावंच लागलं. मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर हात गुंतलेले, कान मात्र मोकळे... म्हणून फोटोग्राफीचा पॉडकास्ट ऐकते. त्यातल्या ताई दर आठवड्याला गृहपाठ देतात. या वेळचा होता – अनोळखी माणसाचा फोटो काढा, पण आधी विचारून.

“कानांनी फोटो शिकता?” तो म्हणाला. “हे म्हणजे पुस्तक वाचून पोहायला शिकण्यासारखं झालं!”

“बुडाले तर तुम्ही आहातच की... पाइप घेऊन.”

बोलून गेले आणि जीभ चावली.

पुढच्या रविवारी गेले, तर त्याच्याही कानात इयरफोन! “आज सावलीत उभा राहतो,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “ताई म्हणतात, भर उन्हात डोळ्यांखाली खड्डे दिसतात.” झाडांना पाणी घालता घालता पठ्ठ्याने मागचे सगळे भाग ऐकून काढले होते.

मग रविवार न ठरवताच ठरून गेले. एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, त्यामुळे... जवळ बसावं लागायचं. हिरव्या जाळीतून गाळून आलेला उजेड त्याच्या मनगटावर हलत राहायचा. ‘घाई करू नका, नुसतं बघत राहा,’ असं ताई म्हणाल्या की आम्ही दोघंही जमिनीकडे बघायचो.

घरी आई फोटो चाळायची. “नुसती पानंच पानं! पण या पानांना हात कुणाचे फुटलेत गं?”

एका रविवारी तो रोपं खोक्यांत भरताना दिसला.

“मालकांनी डोंगरापलीकडे नवी जागा घेतलीय. ती मीच सांभाळायचीय,” तो म्हणाला. “बुधवारी निघतोय.”

“छान,” मी म्हणाले. आणि एक रोप उचलून त्याच्या हातात दिलं.

त्याने माझा कॅमेरा मागून घेतला आणि एकेक फोटो बघत गेला. “माझे हात. माझी पाठ. माझे बूट. पाइपसुद्धा आहे! चेहऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?”

थट्टाच होती ती... पण डोळे हसत नव्हते. आत्ता गप्प बसले, तर बुधवारनंतर बोलणार कुणाशी?

“चेहऱ्याकडे बघितलं की... हात थरथरतो माझा. फोटो हलतो.”

पाइप सोडलेली कुंडी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं. नळ बंद करायचं भान कुणालाच नव्हतं.

“मला वाटायचं, तुम्ही झाडांसाठी येता.”

“झाडं काय, आमच्या गल्लीतही आहेत.”

त्याने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. “मग हलू दे. काढ.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. तो सरळ माझ्याकडेच बघत होता. बटणावर बोट ठेवलं... आणि काढून घेतलं. कॅमेरा खाली ठेवला. इतके दिवस चोरून पाहिलेला चेहरा एकदा उघड्या डोळ्यांनी, मन भरेपर्यंत बघून घेतला.

“आणि फोटो?” त्याने विचारलं.

“रविवारी. तिकडे येऊन काढीन. डोंगरापलीकडे बस जाते ना?”

“सकाळची पहिली पकड,” तो म्हणाला. “मी चौकशी करून ठेवलीय... कधीचीच.”