उलटी तार

या, आत या. तारांवरून जपून. झटका बसायचा नाही, पिन काढून ठेवलीय मी. पायात अडकून पडाल म्हणून म्हटलं. त्या खुर्चीत बसा. ती बरोबर मधोमध आहे, दोन्ही स्पीकरपासून सारखी. ट्यूब कालच गेली, तेव्हा या टेबललॅम्पवरच भागवून घेऊ. तुमचा चेहरा नीट दिसत नाही मला, पण चालेल. रेडिओचे सुटे भाग विकतो ना, त्या पार्टवाल्याने तुमचं फार कौतुक केलं. म्हणाला, सेटमध्ये कसलाही बिघाड असो, हे नुसत्या कानाने ओळखतात. म्हटलं, मग हाच माणूस हवा.

पण पेचकस इतक्यात काढू नका. आधी ऐकून घ्या. मी चष्मेवाला, दिवसभर लोकांना खालची ओळ वाचा, वरची ओळ वाचा करत असतो, माझं ऐकून घेणारं कोणी भेटत नाही, म्हणून भेटलं की मी सुटतो. तुम्ही मधूनमधून हं म्हणा, म्हणजे झालं. घरात आज आपण दोघंच आहोत. मुलीला तिच्या मावशीकडे पाठवलंय, तुम्हाला निवांत काम करता यावं म्हणून. आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती संध्याकाळची या घराबाहेर आहे.

तर ही खोली माझ्या बायकोची. त्या भिंतीलगत तिचा पलंग होता. शेवटचे काही महिने ती उठू शकत नव्हती, पण आवाज तसाच राहिला होता, खणखणीत. मुलीसाठी तिने गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायला घेतल्या. असा छोटा रेकॉर्डर मिळतो बघा, दोन कानांसारखे दोन माइक असलेला, तो समोर स्टुलावर ठेवायची. मी दुकानात, मुलगी शाळेत. माझी मेहुणी, म्हणजे मुलीची ही मावशी, आम्ही तिला ताई म्हणतो, जवळच राहते, ती स्वयंपाकघरात. दार लावून घ्यायला सांगायची आणि एकटीच बोलत बसायची. एका राजाचा हत्ती हरवतो आणि राजा तो शोधत गावोगाव फिरतो, अशी लांबलचक गोष्ट होती. मनानेच रचलेली. ती अर्धवटच राहिली.

मुलीला आम्ही टकळी म्हणायचो. का ते वेगळं सांगायला नको. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. मी वैतागायचो, अगं बाई, जरा श्वास तरी घे म्हणायचो. आई गेली आणि त्या तोंडाला कुलूपच लागलं. हो, नाही, नको. बस, एवढंच. शाळेतून बोलावणं आलं, डॉक्टर झाले, सगळे म्हणाले वेळ द्या. सांगायला काय जातं त्यांचं. आपल्या घरातली एवढीशी पोर दिवसभर भिंतीकडे बघत बसते तेव्हा कसं वाटतं, ते मला विचारा.

एकदा मोबाइलवर तिला आईची गोष्ट ऐकवली. दोन वाक्यं ऐकून म्हणाली, "ही आई नाही. कोणीतरी आईची नक्कल करतंय."

खरंच होतं ते. डबड्यातून आल्यासारखा आवाज. मग माझ्या डोक्यात भूत शिरलं. म्हटलं, असा सेट करायचा की आई खोलीत येऊन बसली पाहिजे. तयार घेता आला असता, पण मला तो माझ्या हाताने करायचा होता. हातात सोल्डरिंग आयर्न कधी धरलेलं नाही, आणि निघालो अ‍ॅम्प्लिफायर बनवायला. पार्टवाल्याने सुटे भाग दिले आणि वर जोडणीचा नकाशाही दिला. दुकानातल्या जुन्या शोकेसच्या फळ्या काढून स्पीकरची खोकी केली. तीच ही. फार हसू नका, एक जरा तिरकं आहे.

बोटं भाजली, नाकी नऊ आले. पहिल्यांदा चालू केला तर नुसती घुंई. दुसऱ्यांदा धूर. खोलीभर सोल्डरच्या राळेचा वास, अजून येतो बघा. आणि त्या धुरात ही पोर दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ती काळी तार सुटलीय." आपणहून पाच शब्द बोलली की सहा, मोजायला मी भानावर नव्हतो. तोंड फिरवून डोळे पुसले. मग रोज ती माझ्यासाठी बॅटरी धरून बसायला लागली.

हं म्हणालात, बरं वाटलं. मला वाटलं झोपलात की काय.

सेट झाला तो रविवार. भरदुपार, पण टकळीने पडदे ओढून घेतले. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत ती बसली. मी रेकॉर्डर जोडला, आवाज मोठा केला, आणि सगळं मुसळ केरात. बायकोचा आवाज जवळजवळ नव्हताच. कुठेतरी लांब, पाण्याखालून बोलल्यासारखी कुजबुज. तीही समोरून नाही. डोक्याच्या मागून, कानाच्या आतून, कुठून ते कळेना. माझा चेहरा पडला. बंद करायला उठलो, तर टकळीने माझा शर्ट धरला.

"थांब ना बाबा. ऐक."

मी ऐकलं. पंख्याची घरघर होती. स्वयंपाकघरात ताई भांडी लावत होती, तो आवाज होता. आणि मध्येमध्ये, बायको जिथे दम घ्यायला थांबत असावी तिथे... कोणीतरी हं म्हणत होतं. गोष्ट ऐकताना मूल म्हणतं ना, तसं. हं... हं... आणि एकदा, अगदी हळू, "मग?"

टकळीला शाळा लवकर सुटली असेल एखाद्या दिवशी, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. ताईला विचारलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, त्या खोलीत कधीच कोणी नव्हतं. मी स्वतः दार लावायचे आणि ती हाक मारेल तेव्हाच उघडायचे. मग हळूच मला म्हणाली, तुम्ही हे सगळं बंद करा. मी तिच्यावरच चिडलो.

तुम्ही जाणकार, तुमच्या ध्यानात आलं असेल मी काय घोळ घातला होता तो. स्पीकरच्या तारा मी अशा आणल्या होत्या की दोन्ही पदर काळेच, फक्त एकावर बारीक पांढरी रेघ. चष्मेवाल्याला ती रेघ दिसली नाही, आता बोला! एका खोक्याला तार उलटी लागली होती. पार्टवाल्याने मला समजावलं. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघांत जे सारखं आहे, ते एकमेकांना खाऊन टाकतं. मधोमध बसलेला माणूस पुसला जातो, आणि कडेचं, कोपऱ्यातलं, एरवी ऐकू न येणारं तेवढं उरतं.

तार सरळ केली. आणि आली हो ती. तिथे, त्या दोन खोक्यांच्या मध्ये, पलंग होता तिथेच, उशीच्या उंचीवर. तिचा घसा साफ करणं, पान उलटल्यासारखा पदराचा आवाज. ताई खाली बसून रडायला लागली. माझंही काही वेगळं नव्हतं. हं मात्र कुठेच नव्हतं. आईच्या आवाजाखाली दबून गेलं असेल, मी म्हटलं, बरं झालं.

टकळी रडली नाही. ती म्हणाली, "आता आई एकटीच बोलतेय. तिला हं कोण म्हणणार?"

मी दुकानातून यायचो तेव्हा सेट गरम असायचा आणि तार उलटी. रागावलो नाही मी. कसा रागावणार? पोर बोलायला लागली होती! जेवताना शाळेच्या गमती, बाईंच्या नकला, थांबायचं नाव नाही. ताईसुद्धा म्हणाली, आली बाई आपली टकळी परत. तार उलटी असो नाहीतर सरळ, मला काय करायचंय? असं मी स्वतःला समजावत होतो.

हं. तेच सांगतोय. तुमचा आवाज फार बारीक आहे हो, बसलाय का? तो तांब्या आहे तिथे, पाणी घ्या.

एकदा तिने हाक मारली, म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. ती समोर, ताटावर बसलेली. पुन्हा असंच झालं. मला वाटलं कान गेले, जाऊन तपासून आलो, ठणठणीत. मग एका सकाळी ताई घरभर ओरडत फिरली, अगं कुठे आहेस, कुठून बोलतेस? टकळी तिच्या पुढ्यात उभी होती, वेणी घालून घ्यायला. ताईने माझ्याकडे बघितलं, आणि माझी पाचावर धारण बसली. कारण मीही बघत होतो. पोरीचे ओठ हलत होते. आवाज तिच्या तोंडातून येत नव्हता. समोरून नाही, मागून नाही. कानाच्या आतून येत होता. तार उलटी असताना येतो ना, तसा.

त्या दुपारी ती शाळेत असताना मी दुकान बंद करून आलो. तार उलटीच होती. या खुर्चीत बसून रेकॉर्डर चालू केला. पंखा, भांडी, हं. आता ते कोणाचं हं आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बापाला आपल्या पोरीचा आवाज कळतो. पण आजची टकळी, रेकॉर्डिंगच्या वेळची, दोन वर्षांपूर्वीची नाही. मध्येच ती हसली. आणि मग, इतक्या हळू की मी श्वास धरला...

"आई, थांब. बाबा आलाय."

तार ओढून काढली, सरळ लावली. आता बायको बोलायला हवी होती. मधोमध, उशीच्या उंचीवर. काहीच नाही. पंखा चालू होता, आणि त्या पंख्याखाली तिचा श्वास. गोष्ट थांबवून, मी जायची वाट बघत असलेला श्वास.

पिन काढली ती त्या दिवशी. तेव्हापासून सेट बंद आहे. ताई म्हणते फोडून टाका. कसा फोडू, तुम्ही सांगा. त्या रेकॉर्डरमध्ये जे गेलंय ते फुटलं तर? माझी पोर कायमची मुकी होईल की... पुढचं मला म्हणवत नाही. सेट लावायची भीती, मोडायची भीती. म्हणून तुम्हाला बोलावलं. घरात काही लावलेलं नाही, तरी तिचा आवाज तसाच, जागा नसलेला. मला एवढंच सांगा, कुठली तार फिरवली की माझी पोर परत तिच्या तोंडाने बोलेल?

थांबा हं, फोन वाजतोय. ताई असेल.

हां, बोल... जेवली का ती? ... म्हणजे? ... अगं नीट सांग, रडू नकोस... कधीपासून? ... दे बरं तिला फोन. बाळा? बाळा, मी बोलतोय... बरं. बरं. येतो मी. राहू दे. येतो.

ताई म्हणतेय, या घराचा उंबरा ओलांडल्यापासून तिच्या तोंडून आवाजच नाही. ओठ हलतात, आवाज नाही. रुसली असेल असं वाटलं म्हणे आधी. आता दिवाणावर बसलीय आणि समोर कोणी नसताना सारखी मान हलवतेय. कोणी गोष्ट सांगतंय आणि ती हं म्हणतेय, तशी.

आणि ताई म्हणाली, आत्ता, मी फोनवर आल्यापासून मान हलायची थांबलीय. वाट बघत बसल्यासारखी बसलीय.

तुम्ही... मघापासून हं म्हणत होता ना तुम्ही?

एकदाही नाही?

नाही, उठू नका. दिवा इकडे वळवायलाही नको. मला कळलं. ते हं तुमच्या तोंडून येताना मी बघितलंच नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं. गप्प बसा जरा. ऐका...

ऐकलंत? "मग?" म्हणाली.

आता मला गोष्ट थांबवता येणार नाही. तुम्ही जा हवं तर, दार नुसतं लोटून घ्या. आहे बाळा, बाबा इथेच आहे. सांगतो. मग ना... मग तो राजा हत्तीला शोधत शोधत एका चष्मेवाल्याच्या दारात आला. हं म्हण बाळा.