गादीवर पडलेली दुर्बीण

"तुमच्या मावशीलाच बोलवा, सर," शिपाईमामांनी हात जोडले, तेव्हा भौतिकशास्त्राच्या सरांनी हातातला खडू खिशात टाकला आणि परत बाहेर काढला. मावशी खासगी गुप्तहेर, नजर अशी की घारीनेही शिकवणी लावावी. पण नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

प्रकरण असं. काल सकाळी प्रयोगशाळेत शाळेची दुर्बीण टेबलालगत फुटलेली सापडली. आदल्या संध्याकाळी खोली झाडून कुलूप लावलं होतं मामांनी. झाडूचा धक्का लागला असणार, असं मुख्याध्यापिकांनी ठरवूनच टाकलं. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या मामांच्या हातात आज दुपारी बडतर्फीचं पत्र पडणार होतं. सर गप्प राहिले होते आणि तेच त्यांना आतून खात होतं.

मावशी आली ती गप्पा मारतच. सकाळी सरांच्या लेकीचा फोन आला होता. परवा रात्री चंद्रावर किती खड्डे दिसले ते पोरीने मोजून सांगितलं म्हणे. सरांनी घाईघाईने विषय बदलला.

मग एकेकाची चौकशी झाली. झाडताना दुर्बीण टेबलावर नीट होती, असं मामांनी शपथेवर सांगितलं. किल्ल्या तीन: मामांची, सरांची आणि रसायनच्या बाईंची. बाई आठवडाभर रजेवर, त्यांची किल्ली मुख्याध्यापिकांच्या बंद कपाटात. कुलूप शाबूत. दुर्बीण सापडली ती टेबलाशेजारी अंथरलेल्या उंच उडीच्या जाड गादीवर; परवा शेवटच्या तासाला सरांनी त्याच गादीवर अंडी टाकून दाखवली होती, एकही फुटलं नव्हतं. मावशीने दुर्बिणीच्या चेपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला दगडाची पांढरी भुकटी लागली.

तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि टेबलावरून खाली सोडला. गादीवर पडला, ओरखडासुद्धा नाही.

"का नाही फुटला, सांग बघू," ती भाच्याला म्हणाली.

"संवेग तेवढाच असतो," सर चाचरले, "पण गादीवर थांबायला वेळ जास्त मिळतो. म्हणून आघात कमी."

"म्हणजे दुर्बीणही इथे फुटली नाही. दगडावर फुटली आणि इथे आणून ठेवली. टेबलावरून पडल्यासारखी दिसावी म्हणून. हे मामा कशाला करतील? शेवटी झाडून गेलेले तेच, नाव त्यांचंच निघणार. बाईंची किल्ली कपाटात. राहिली एक." मावशीचा आवाज उतरला. "आणि नुसत्या डोळ्यांनी चंद्रावरचे खड्डे मोजता येत नाहीत रे."

"मी," सर म्हणाले.

न विचारता दुर्बीण घरी नेली होती, लेकीसाठी. पहाटे परत आणताना शाळेच्या दगडी पायरीवर हातातून निसटली. घाबरल्यावर स्वतःचा धडाही आठवला नाही. आपोआप पडली म्हणतील असं वाटलं. मामांचं नाव निघालं तेव्हा जीभ रेटली नाही.

हे कानावर येताच मुख्याध्यापिकांनी पत्र फाडलं. मामांनी वाकून पत्राचे तुकडे गोळा केले.

"काल बायकोला मी काहीच सांगितलं नाही, सर," ते म्हणाले. "म्हटलं, कशाला घाबरवायचं? सर आहेत ना आपल्या बाजूने."