लार्चवूडचे अकरा लाल बिल्ले

नगरपालिकेच्या सभागृहाच्या उबेत बसून तुम्ही सदस्य म्हणालात, लार्चवूडमधली चोरी ही तिथल्या लोकांची आपापसातली भानगड आहे. खोटं बोललात. ती शिजली तुमच्या टेबलावर. कशी, ते आता शेवटपर्यंत ऐका.

सोमवारी सकाळी साडेआठला घर हलवण्याआधीच्या पाहणीला आलेला ट्रकवाला नेडीन ऑस्टरहाउसच्या घरामागे गेला आणि तिथेच थबकला.

"बाई, बिल्ला कुठाय?"

लार्चवूड वसाहतीची बासष्ट घरं कारखान्यात बनून चाकांवर आलेली. घर स्वतःचं, खालची जमीन भाड्याची. आता जमीन विकली गेली होती. घराच्या मागच्या भिंतीला तळहाताएवढा सरकारी लाल बिल्ला असतो. तो नसला तर घर रस्त्यावर काढता येत नाही, आणि दुसरी वसाहत ते आत घेत नाही.

नेडीनच्या भिंतीवर बिल्ल्याच्या जागी फिकट चौकोन होता.

"बदली कागद मिळतो," ट्रकवाला म्हणाला. "दीड महिना लागतो."

मुदत उरली होती नऊ दिवस. एकतीस ऑक्टोबरला जे घर जागेवर असेल ते पाडणार, अशी नोटीस होती. नेडीन वृद्धाश्रमात कामाला, पदरात दोन मुली. शनिवारी संध्याकाळीच एल्मडेलच्या वसाहतीतून फोन आला होता. एक जागा रिकामी झालीय, शुक्रवारी घर आणा, नाहीतर दुसऱ्याला देऊ.

तिनं पोलिसांना नाही, वसाहतीतल्याच मार्लिस क्वालेला बोलावलं. मार्लिसनं या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती.

"एल्मडेलचं कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. इथले सगळे अडकलेत आणि मी सुटले, हे कुठल्या तोंडानं सांगू, मार्लिस?"

मार्लिस दुपारपर्यंत बासष्ट घरांच्या मागे फिरली. अकरा बिल्ले गेले होते.

तिनं एका भोकावरून बोट फिरवलं. बिल्ला पत्र्याला जखडणारी रिव्हेट ड्रिलनं काढली होती, पत्र्याला ओरखडा नव्हता. चारही भोकं पांढऱ्या सीलंटनं बुजवून अंगठ्यानं सारखी केलेली. अकराही घरांवर तसंच.

होलिसच्या घरापाशी ती जास्त वेळ थांबली. त्याच्या मागच्या भिंतीला बारा वर्षांपूर्वी लाकडी पडवी जोडलेली. बिल्ला तिच्या फळ्यांआड. दोन फळ्यांचे स्क्रू ताजे खरवडलेले; त्या काढून, बिल्ला नेऊन, त्याच स्क्रूंनी परत बसवल्या होत्या.

मग ती कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत गेली. भिंतीवर महिनाभर एक कागद होता, 'आम्ही जाणार नाही'. खाली अकरा सह्या. सातवी नेडीनची. घरंही तीच अकरा.

वसाहतीचा व्यवस्थापक ड्वाइट कोल्बी नव्या मालकाचा पगारी माणूस. सह्या करणाऱ्यांवर त्याचा राग जगजाहीर.

"तूच केलंस असं सगळे म्हणतायत, ड्वाइट."

"सगळे मला सैतानही म्हणतात. पुढं बोल."

"रविवारी दुपारी कुठं होतास? शनिवारी बिल्ले होते. फक्त तेव्हाच वसाहत रिकामी होती."

"चर्चच्या हॉलमध्ये. तुमच्याच निरोपाच्या जेवणाला हॅम कापत होतो. प्रत्येकाच्या ताटात मी वाढलंय. एकटा तुमचा म्हातारा ऑरिन उपाशी राहिला, तो आला तेव्हा हाडं उरली होती."

"बिल्ले गेले तर तुझा मालक खूश होईल."

ड्वाइट हसला. "अगं, घर ओढून नेलं तर जागा फुकट मोकळी होते. पडून राहिलं तर तोडायचं, कचरा उचलायचा, सगळं मालकाच्या गळ्यात. मी तर म्हणतो, उद्या जा. हवं तर धक्का मारायला येतो."

हे खरं होतं. मार्लिसला ते आवडलं नाही, पण खरं होतं.

तिथून ती नगरपालिकेत गेली. पुनर्वसनाच्या खिडकीवर प्रुइटबाई होत्या.

"बिल्ला नसलेल्या घराला काय मिळतं?"

"काही नाही. हलवता येत नाही, म्हणून हलवण्याची मदत नाही."

"आणि चोरलेला बिल्ला परत लावला तर?"

"एकदा निघाला की बाद. धोरण बाहेर फलकावर लावलंय, वाचा."

मार्लिसनं फलकावरचं धोरण उभ्यानं वाचलं. पाच पानं. तिनं घरी येऊन खणातला कागद काढला. जुलैत पालिकेनं टपालानं पाठवलेला, घरोघर एक. सहा पानं.

सहावं पान तिनं दोनदा वाचलं. मग नेडीनला घेऊन ती ऑरिन लिड्केच्या दारात गेली.

ऑरिन चौऱ्याहत्तरचा. लार्चवूडमधली निम्मी घरं त्यानं जॅक लावून समतल केलेली, गळती छपरं बुजवलेली. त्याचं स्वतःचं घर इतकं जुनं, की बिल्ल्यांची पद्धतच तेव्हा नव्हती.

"या पोस्टमास्तरीणबाई. आज काय वाटताय?"

"होलिसची पडवी कुणी बांधली, ऑरिन?"

"मी. वाकडी आहे का?"

"सरळ आहे. तिच्यामागे बिल्ला आहे हे कुणाला ठाऊक?"

"होलिसला."

"होलिस त्यानंतर चार वर्षांनी आला. त्याला आज माझ्याकडून कळलं."

ऑरिननं कॉफीचा कप खाली ठेवला.

"चोराला घराची काळजी होती," मार्लिस म्हणाली. "भोकं उघडी राहिली तर भिंतीत पाणी मुरतं, म्हणून त्यानं ती बुजवली. ज्याला ही घरं मोडायची आहेत तो असं करणार नाही. ज्याला आतली माणसं इथंच राहायला हवी आहेत तो करेल. त्यानं फक्त 'जाणार नाही' म्हणणाऱ्यांचीच निवडली. नेडीनला जागा मिळाल्याचं त्याला माहीत नव्हतं. आणि रविवारी जेवणाला उशिरा आलेला माणूस एकच."

"कागदात लिहिलंय," ऑरिन हळू म्हणाला. "सहाव्या पानावर. जे घर हलवता येत नाही, त्याच्या मालकाला त्याच जागेवरच्या नव्या इमारतीत बिऱ्हाड द्यायचं. माझ्या घराला बिल्ला नाही, म्हणजे मला मिळणार. मला एकट्यालाच? ही पोरं माझ्या टेबलावर बसून रडली, मार्लिस. म्हटलं, यांचीही घरं हलेनाशी करू."

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं. खोटं बोलायला मी एकटा पुरे."

"ते पान आता नाही, ऑरिन. मंजूर झालेलं धोरण पाच पानांचं आहे. मसुदा त्यांनी टपालानं पाठवला. बदललेला कागद पाठवलाच नाही, फलकाला टाचला. तुलाही काही मिळणार नाही."

ऑरिननं उठून फडताळातून बिस्किटांचा डबा आणला. अकरा बिल्ले, प्रत्येक फडक्यात गुंडाळलेला, वर घराचा नंबर.

नेडीननं तिचा उचलला. "मी सही केली होती," ती म्हणाली. "तुम्हाला शिव्या घालायला आले होते, ऑरिन. आता सुचत नाहीत."

"घाल. मला बरं वाटेल."

मंगळवारी दुपारी चारला तुमची पालिकेची सभा भरली. ऑरिन उठला, आपण काय केलं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तुमच्यातले दोघं हसले. मार्लिसला बोलायला तीन मिनिटं दिलीत. तिनं एका हातात सहा पानं धरली, दुसऱ्या हातात पाच.

"ऑरिनवर खटला भरा, तो पळणार नाही," ती म्हणाली. "पण त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा मूर्खपणा. अकरा बिल्ले त्यानं काढले. हे पान कुणी काढलं, ते या खोलीत बसलेल्या माणसाला ठाऊक आहे. मुदत वाढवणं तुमच्या हातात आहे. बिल्ले ग्राह्य धरणंही."

अध्यक्षांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं. वाहनतळाचा.

नेडीन मागच्या बाकावरून उठली. तिचा आवाज चढला नाही.

"शुक्रवारी सकाळी ट्रक दारात येणार आहे. माझं घर त्यावर चढणार की तुम्ही ते पाडणार? हो की नाही, एवढंच सांगा. मी उभी आहे."