पाचवी पेटी

दुकानात शिरणारं माणूस खरं गिऱ्हाईक आहे की नुसतं पाऊस चुकवायला आलंय, हे रसिका चपलांवरून ओळखायची. चपला दाराबाहेर काढल्या, की समजावं... घेणार थोडं, बसणार फार.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडमागे तिच्या वडिलांचं, भिवा जाधवांचं, जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान. ऑफिसांनी भंगारात काढलेली यंत्रं आणायची, त्यातलं चालेल ते विकायचं. जुलै सरत आला होता. आठवडाभर ऊन नव्हतं, खाऱ्या हवेत स्क्रू ठेवल्या जागी गंजत होते. अशा एका शनिवारी एक उंच, निथळणारा तरुण आला. चपला बाहेर काढून.

"मदरबोर्ड हवेत. पाच. स्वस्तातले. दर शनिवारी एक नेईन."

"कॅबिनेट?"

"नको."

"हार्ड डिस्क?"

"एकच. सगळ्यांत शेवटी."

"पाच कॉम्प्युटर आणि डिस्क एक? बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

तो हसला... एका गालाने, जपून. ही काटकसर रसिकाच्या बरोबर लक्षात राहिली.

नाव अमरदीप. इथल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये कंत्राटी सहायक, घर दापोलीला. दुसऱ्या शनिवारी कळलं की बोर्ड तो आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत बसवतो. फळ्यांच्या फटींतून वारा खेळतो, यंत्र तापत नाही. तिसऱ्या शनिवारी त्याने डिस्कचं कोडं उलगडलं.

"डिस्क माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला. पेट्यांना नाहीच. चालू झाल्या की केबलवरून त्याला विचारतात, मी कोण, काय करायचंय? तो सांगतो, या लागतात कामाला. लाईट गेली की सगळं विसरतात."

"सुखी आहेत."

"तुम्हाला काय विसरायचंय?"

"तुमची घासाघीस!"

आतून वडील खाकरले. "रसके, हा नेतो एक वस्तू नि बसतो दोन तास."

पण काम कसलं, हे चौथ्या शनिवारी कळलं, आणि थट्टा जरा थांबली. परदेशातली एक प्रयोगशाळा आपलं अवाढव्य गणित तुकडे करून जगभरच्या हौशी लोकांना सोडवायला देते. फुकट. कंपवात का होतो, त्याचं गणित. अमरदीपची आई, चंपाबाई, शाळेत शिकवायच्या. आता त्यांच्या हातात खडू ठरत नव्हता.

"याने त्यांना बरं वाटेल?"

"आईला? नाही. तोवर... नाही. एवढं गणित मला पेटीशिवाय येतं."

पाच बोर्ड गेले. सहाव्या शनिवारी डिस्कची पाळी. फळीवर दोन होत्या. एक ठणठणीत, वर्षानुवर्षं चालणारी. दुसरी तपासणीत नापास झालेली. महिना काढेल, फार तर दीड. रसिकाने दोन्हींकडे पाहिलं. चांगली दिली की हा माणूस संपला. याला यापुढे लागणार काय? हात आपसूक त्या दुसरीवर गेला.

"तपासलीय ना?"

"तपासल्याशिवाय देत नाही मी."

हे तर खरंच होतं.

महिना गेला. मग वादळी पावसात त्याच्या गल्लीतली नेटची केबल तुटली. नऊ दिवस नेट नाही. आधीच उतरवून घेतलेल्या तुकड्यांवर पेट्या राबतच होत्या आणि सोडवलेलं सगळं त्या एका डिस्कवर साठत होतं. नेट यायच्या आदल्या दिवशी डिस्क टकटक करू लागली आणि बंद पडली.

तो आला तेव्हा चपला पायातच होत्या. बाहेर रिक्षात पाच पेट्या आणि तो जुना कॉम्प्युटर.

"आई पडली. दापोलीलाच जातोय, कायमचा. दुपारच्या गाडीने." मेलेली डिस्क त्याने टेबलावर ठेवली. "नऊ दिवसांचं काम गेलं. नशीब. जुनी वस्तू म्हटली की..."

तो नशिबाला बोल लावत होता आणि तासाभरात गावातून जाणार होता. गप्प बसण्यात रसिकाचा सगळा फायदा होता.

"नशीब नाही," ती म्हणाली. "ती बिघडणार, हे मला माहीत होतं."

"मग दिलीस कशाला?"

त्याच्या तोंडचं पहिलं 'तू', आणि ते असं.

"बिघडली की... तुम्ही परत याल म्हणून."

रसिकाने मेलेली डिस्क स्वतःकडे ओढली.

"तुमच्या आईचे नऊ दिवस खाल्ले मी."

"आईचे नाही. तुकडे वेळेत परत गेले नाहीत, की ते लोक दुसऱ्याला देतात. कुणीतरी सोडवेल." तो डिस्ककडेच बघत होता. "मी ती तपासली नाही. तुझा शब्दही तपासायचा असतो, हे... सुचलंच नाही."

रसिका उठली. ठणठणीत डिस्क अजून फळीवरच होती. दोन गिऱ्हाइकं मागून गेली, तरी तिने दिली नव्हती. ती त्याच्यासमोर ठेवली.

"ही बिघडणार नाही. परत यायचं कारणच उरणार नाही."

त्याने ती दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली आणि तपासली. तिच्यादेखत, सावकाश. ती दहा मिनिटं रसिकाच्या मनाला लागायची तेवढी लागली, पण ती हलली नाही. मग डिस्क पिशवीत टाकून, मान हलवून तो बाहेर गेला. रिक्षाजवळ जरा रेंगाळलासा वाटला. तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"रसके," थोड्या वेळाने वडील दारातून ओरडले, "ही पेटी कुणाची गो?"

पायरीवर, वळचणीच्या आत भिजणार नाही अशी, एक आंब्याची पेटी. तिने फोन लावला. मागे एसटीची घरघर.

"एक पेटी विसरलात!"

"विसरलो नाही."

"अहो, पण..."

"डिस्क नाही तिला. तिथे चालू व्हायची नाही. पेटी कुणीतरी दापोलीला आणून द्यावी लागेल."

रसिकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "राग गेला?"

"नाही. निम्मा आहे अजून." घरघर वाढली, आवाज बारीक झाला. "आईचे हात अजून कप धरतात. दोन्ही हातांनी, पण धरतात. चहा तीच करते. तोवर ये."

फोन बंद झाला. रसिकाने पेटी आत घेतली, फळ्यांवर उडालेलं पाणी ओढणीने टिपलं. दापोलीची सकाळची गाडी किती वाजता सुटते, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.