वैशालीची दुसरी नोंद

हे खरं घडलं आहे. कुणाला पटवून द्यायची ताकद आता माझ्यात नाही, म्हणून जसं झालं तसंच लिहितो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. महाडला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर बसतो. ट्रस्टचा दुसरा दवाखाना पोलादपूरला आहे. दोन्हीकडच्या पेशंटची नावं एका टेबलात आणायची आणि दोनदा आलेली नावं एक करायची, हे काम माझ्याकडे आलं होतं.

दुबार नावं बहुतेक बायकांची निघत. सासरी असल्या की महाडला नवऱ्याचं नाव लावतात, माहेरी गेल्या की पोलादपूरला वडिलांचं. बाई एकच. मोबाईल नंबरावरून ओळखायचं.

त्या दुपारी लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालू, पंखे बंद.

मी पुढची जोडी उघडली...

वैशाली राजेश सकपाळ, मु. नाते.

वैशाली काशीराम उतेकर, पोलादपूर.

नंबर एकच. माझा.

वैशाली माझी बायको. जानेवारीत न्यूमोनियानं गेली. पहिल्या नोंदीपुढे 'मयत' मीच टाईप केलं होतं.

दुसरी नोंद एप्रिलची होती.

वाटलं, तारीख चुकली असेल. पुढचा रकाना वाचला...

तक्रार: झोप लागत नाही. घरात रात्रभर दिवा चालू असतो.

ती गेल्यापासून मला अंधारात पडवत नाही. दिवा चालूच ठेवतो. घरात मी एकटा. हे कुणालाच माहीत नाही.

त्याखाली एक ओळ होती...

सोबत: पती.

पोलादपूरला अंकिता नर्स आहे. मला फोनवरच ओळखते, कधी पाहिलेलं नाही. तिला फोन लावून सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिला आठवत होतं. त्या मावशी फार दमलेल्या होत्या म्हणाली. नवरा बाहेर बाकावर बसून होता. जाड चष्मा. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

मी चष्मा सारखा करून माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मार्चमध्ये तो दारात चेमटला होता.

"मावशीच म्हणाल्या, हे हल्ली कुणाशी बोलत नाय. मी म्हटलं, नशीबवान हायसा, आमच्या घरातला गप्पच बसत नाय."

अंकिता हसली. मी फोन ठेवला.

त्या नोंदीत पुढची तारीख सोमवारची होती.

ट्रस्टच्या मॅडमना शनिवारपर्यंत टेबल साफ हवं होतं. दोन नोंदी एक केल्या की 'मयत' दोन्हींना लागणार. सोमवारची तारीख आपोआप रद्द होणार. मी एंटरवर बोट ठेवून बराच वेळ बसलो. तिला एकदा पोहोचवून आलो होतो. पुन्हा होईना.

'दोन वेगळ्या व्यक्ती' असं निवडलं.

सोमवारी मुद्दाम सकाळपासून महाडलाच बसलो, चार माणसांत. जेवायलाही उठलो नाही.

दुपारी अंकिताचाच फोन आला. उतेकर मावशी आल्यात म्हणाली. तुम्ही विचारत होतात म्हणून कळवलं.

"त्यांच्याकडे फोन दे," मी म्हणालो.

मला तिचा आवाज एकदा ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

अंकिताच्या चपलांचा आवाज आला. दार उघडल्याचा आला. हायवेच्या गाड्या ऐकू यायला लागल्या...

आणि एकदम सगळं बंद झालं.

कुणीतरी फोन कानाला लावला...

"आत्ताच झोप लागलीय तिला. उठवू नका."

आवाज माझा होता.

मी फोन कानाला दाबून धरला. मागे कुणाचा तरी श्वास चालला होता. झोपेत ती मध्येच एक लांब श्वास सोडायची...

तसाच होता.

मग पुन्हा गाड्या. अंकिता म्हणाली, "काका, त्यांचा आवाज अगदी तुमच्यासारखा हाय हो."

त्यानंतर वैशाली पोलादपूरला आलेली नाही. नोंदी अजून दोनच आहेत. मॅडमनी विचारलं तेव्हा एकाच घरातल्या बायका असतील, असं सांगितलं.

आता पोलादपूरचा फोन वाजला की शेजारच्या टेबलावरच्या भरतला उचलायला लावतो. मला कमी ऐकू येतं असं त्याला सांगून ठेवलंय.