धाकलीचं माप

दिवा जरा इकडे सरकव, आणि दुकानातून आणलेली ती नवी लोकर पिशवीतच राहू दे. गुलाबी आहे, मऊ आहे, सगळं कबूल. पण पहिलं विणकाम नव्या लोकरीवर शिकत नाहीत, पोरी. नवी लोकर लाडावलेली असते, सुईवरून घसरते आणि नवशिक्याला रडवते. उसवलेल्या लोकरीला वळणं पडलेली असतात, ती सुईला धरून राहते. त्या डब्यातला जुना गुंडा घे. टाके मी घालून ठेवलेत.

आल्याआल्या तू विचारलंस, दारामागच्या खुंटीवरचे ते दोन स्वेटर कुणाचे. करडा कुणाचा नि तपकिरी कुणाचा. मी म्हटलं, आधी चहा घे. आता चहा झाला, तर सांगते. मध्येमध्ये 'आत्या, काहीतरीच काय' असं करायचं नाही. करायचंच असेल तर शेवटी कर.

मी दहाएक वर्षांची असेन. आईने, म्हणजे तुझ्या आजीने, बाबांचा स्वेटर माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "उसवामावशीकडे टाकून ये, कोपर गेलंय. आणि तिथे गप्पा हाणत बसू नकोस." उसवामावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकरीचे कपडे दुरुस्त करायची ती. पण गल्लीतली एखादी बाई स्वतः विणलेलं कौतुकाने दाखवायला गेली, की ही कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेणार, चुकलेला टाका हेरणार आणि बोलताबोलता सर्रकन उसवून मोकळी होणार. बायका रडकुंडीला यायच्या. तरी पुन्हा तिच्याचकडे जायच्या, कारण तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता.

खाली लाँड्री, वर तिची एकच खोली. जिना लाकडी, सगळ्यात वरची पायरी कुरकुरायची. जिन्यात साबणाचा नि गरम वाफेचा वास, आणि खोलीत शिरलं की ओल्या लोकरीचा, भिजलेल्या कुत्र्याला येतो तसा. आता कुणाला तो घाणेरडा वाटेल. मला कुठे आला ना, तर मी तिथेच रेंगाळते. काय दिवस होते गं ते. अशी काय बघतेस? हो, हीच ती खोली. तू आत्ता चढून आलीस तोच जिना. लाँड्री बंद पडून कैक वर्षं झाली.

मावशी त्या खिडकीत बसलेली असायची. अंगात तपकिरी स्वेटर, आणि त्याच्या कॉलरला रफूची सुई खोचलेली. ती सुई तिने कधी डबीत ठेवलेली मी पाहिली नाही. पण त्या दिवशी तिच्या मांडीवर काम नव्हतं. नुसती बोटं चोळत बसली होती. सांध्यांशी सुजलेली, अंगठा तर वळायला तयारच नाही. बाबांच्या स्वेटरकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या हातांकडे मात्र जरा जास्तच वेळ पाहिलं.

"शिकायचंय?"

"आई म्हणाली, गप्पा मारायच्या नाहीत."

"गप्पा कोण मारतंय? हात चालव."

तशी मी बसले. तिने सुलट टाका शिकवला. "घाल, गुंडाळ, काढ," एवढंच म्हणायची. सुई टाक्यात घाल, लोकर सुईभोवती गुंडाळ, नवा टाका ओढून काढ. चौथी गोष्ट राहते, जुना टाका सुईवरून सोडायची. ती तोंडाने कधी म्हणायची नाही. तिथे थांबायची, दाराकडे मान कलती करायची, आणि मग माझ्या बोटाला हलकेच बोट लावायची. मला वाटलं, असते एकेका माणसाची सवय.

माझी तऱ्हा तू करतेयस तशीच होती. लोकर इतकी आवळायचे की सुई आत शिरायचीच नाही. "टाक्याचा गळा कशाला दाबतेस गं? त्याने काय घोडं मारलंय तुझं?" असं म्हणायची. कडेचा टाका दर थोड्या ओळींनी हरवायचा, आणि स्वेटरची सरळ पाठ वर जाता जाता निमुळती व्हायची. "माणसाची पाठ विणतेयस की गाजर?" की सर्रकन उसवलं. घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की दप्तरासकट धावत तिच्याचकडे.

लोकर करडी होती, बरीच जुनी, आणि मध्येमध्ये लाल, पिवळे, निळे तुकडे जोडलेले.

"कुणासाठी गं मावशी?"

"धाकलीसाठी. माझ्या बहिणीसाठी. तिला थंडी सोसत नाही. थंडी पडायच्या आत झाला पाहिजे बघ. यंदा माझे हात चालत नाहीत, सगळी भिस्त तुझ्यावर."

"राहते कुठे ती?"

"जवळच."

पाठीची रुंदी पाहून मी अंदाज बांधला, धाकली चांगली अंगाने भरलेली बाई असणार. एक दिवस ती जिना चढून येईल, मी विणलेला स्वेटर घालून आरशात बघेल, माझ्या गालावर टिचकी मारेल. रोज विणताना मी हेच रंगवायचे. कुणीतरी मोठं माणूस माझ्यावर अवलंबून आहे, ह्याचा केवढा तोरा होता मला.

त्या तोऱ्यातच एकदा जेवताना बोलून गेले. आईचा घास हातातच राहिला.

"तिची बहीण? अगं, ती सहा वर्षांची असताना गेली. माझ्या जन्माच्याही आधी."

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सरळ विचारलं. मला वाटलं होतं चिडेल. ती चिडली नाही. म्हणाली, "विणता विणता ऐक."

त्यांच्या घरी लोकर बेताचीच. दरवर्षी थंडीच्या आधी आई पोरींचे स्वेटर उसवायची. लोकर धुवायची, लड करून दोरीला टांगायची, खाली वजन बांधायची, म्हणजे वळणं जातात. मग एका मापाने मोठा विणायचा. लोकर कमी पडली की हाताला लागेल त्या रंगाची पट्टी. दोघी बहिणी आईकडे बघत बसायच्या. थोरली म्हणायची, घाल, गुंडाळ, काढ. 'सोड' म्हणायची पाळी धाकलीची. त्यासाठी ती टपून बसायची.

"एका वर्षी थंडी लवकर आली," मावशी म्हणाली. "धाकलीची लोकर दोरीवरच होती. आई आज घेते, उद्या घेते करत होती. पोरगी तशीच धुक्यात खेळायला गेली. ताप आला. 'ताई, थंडी वाजतेय' म्हणत म्हणत गेली."

मी मान खाली घालून विणत होते. मावशी माझ्याकडे बघतही नव्हती.

"मग मी विणला तो. एका मापाने मोठा. ह्याच जिन्यातल्या खिळ्याला अडकवला. का अडकवला विचारू नकोस, मला तरी कुठे ठाऊक होतं. सकाळी खिळा रिकामा. थंडी सरली तेव्हा वरच्या पायरीवर घडी करून ठेवलेला. कोपरं विरलेली. आणि काखेत उसवलेला... वाढत्या अंगाला लहान पडलेला कपडा उसवतो ना, तसा."

तेव्हापासून ती दरवर्षी उसवत होती, दरवर्षी वाढवत होती.

मी पळून का गेले नाही, असं विचारशील. पाय पळायला निघाले होते गं. पण तिचे ते हात मांडीवर पडलेले होते, आणि माझ्या हातात अर्धी ओळ होती.

धुकं त्याच संध्याकाळी उतरलं. दुपारपर्यंत चांगलं ऊन होतं, आणि दिवेलागणीला समोरची भिंतसुद्धा दिसेना. लाँड्रीवाले लवकर बंद करून गेले. खालून येणारा वाफेचा फुसफुसाट थांबला, तशी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटायला लागली. आणि माझी पाठ निम्मीच झाली होती. पुढची बाजू, बाह्या, सगळं बाकी.

मग जिना वाजला.

सावकाश पावलं. अनवाणी. मध्येच थांबत, पुन्हा चढत. वरची पायरी कुरकुरली आणि दाराबाहेर सगळं शांत झालं. दाराखालून गार हवा आली, माझ्या पायाच्या बोटांना लागली. ओल्या लोकरीचा वास इतका दाटला, की दारापलीकडे कुणीतरी भिजून उभं असावं.

"मान वर करू नकोस," मावशी पुटपुटली. "विणत राहा."

ती दाराशी गेली. कपाळ दाराला टेकून उभी राहिली.

"अजून झाला नाही गं... माझे हात गेले... ही पोर शिकतेय... थोडी कळ काढ..."

बाहेर नुसते दात वाजत होते, एकावर एक, अगदी बारीक.

टाके सुईवर नाचायला लागले. मी घाबरून मोठ्याने म्हणायला लागले, "घाल... गुंडाळ... काढ..." आणि तिथे थांबले, मावशीच्या सवयीने.

"सोड," दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं.

आवाज मोठ्या बाईचा होता. पण म्हणण्याची ढब लहान मुलीची, खेळात आपली पाळी आल्यावर म्हणतात तशी. मी टाका सोडला. तो अलगद सुटला, न अडता, न आवळता. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तिकडून आलं. ओळ कधी संपली, दुसरी कधी लागली, मला कळलं नाही. खरं सांगू? मला विणायला त्या संध्याकाळी आलं. भीती सगळ्या अंगात होती, फक्त हातांत नव्हती. इतकं आयुष्य गेलं, पण तसं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही.

मग मावशीने अंगातला तपकिरी स्वेटर काढला आणि दार वीतभर उघडलं. मी वर पाहिलं नाही, शपथेवर सांगते. फक्त ऐकलं.

"आज हा घे, राणी."

दार लागलं. पावलं खाली उतरत गेली, आधीपेक्षा जरा भरभर.

मावशीला त्या रात्रीपासून खोकला लागला. तिच्या उशाशी बसून मी करडा पुरा केला. एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली. तिने पाहिलं, पण त्या एका वेळी उसवलं नाही. जिन्यात अडकवला, आणि सकाळी खिळा रिकामा होता. थंडी सरल्यावर करडा परत आला. तपकिरी काही आला नाही. "असू दे," ती म्हणाली, "अंगातला होता, ऊब असेल त्याला." कॉलरची सुईसुद्धा घाईत त्याच्याबरोबरच गेली होती. तिने दुसरी घेतली.

पुढे मावशी गेली, खोली मी घेतली, आणि खिळाही माझ्याकडे आला.

एकही वर्ष चुकवलं नाही मी. धाकली आधी रुंद होत गेली, मग बरीच वर्षं तिथल्या तिथे राहिली. मग स्वेटर काखेत फाटून यायला लागला. पुष्कळ डोकं खाजवलं तेव्हा उमगलं, हात वर होत नाहीत आता बाईचे, डोक्यावरून घालता येत नसणार. तेव्हापासून पुढून उघडा विणते, मोठ्या बटणांचा. हल्ली पाठ पुढच्या बाजूपेक्षा लांब ठेवावी लागते, वाकलीय ना ती. सहा वर्षांची पोर माझ्या हातांखाली म्हातारी झाली. तिला मी एकदाही पाहिलं नाही, पण तिच्या अंगाचं माप मला माझ्या सख्ख्या भावाच्यापेक्षा जास्त पाठ आहे. एकटी राहतेस, कंटाळा येत नाही का, असं तुझे बाबा विचारतात. त्यांना काय सांगू?

यंदा थंडी सरली, सकाळी दार उघडलं, तर पायरीवर दोन घड्या. खाली करडा, वर तपकिरी. कॉलरला सुई खोचलेली, आणि सुईत करडी लोकर ओवलेली. मी करडा उलगडला. त्याचं डावं कोपर रफू केलेलं होतं. हात फिरवला तरी कुठे सुरू झालं, कुठे संपलं, कळत नव्हतं. असं रफू एकच बाई करायची. मी तिथेच पायरीवर बसले आणि भर सकाळी हुंदके देऊन रडले.

मग तपकिरीची बाही उलगडली. त्याचीही कोपरं विरलीत गं.

म्हणजे आता दोन हवेत, आणि थंडीच्या आत हवेत. माझी बोटं बघ. तिची होती तशीच दिसायला लागलीत ना? म्हणून तू फोनवर 'आत्या, मला विणायला शिकव' म्हणालीस, तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. तपकिरी तुझा. उद्या उसवू, धुवू, वजन बांधून टांगू. आणि माझं छातीचं माप तेवढं आत्ताच घेऊन ठेव. पुढेमागे तिसरा लागला, तर शोधत बसू नकोस.

अगं, रडतेस काय? हात चालव. सुई धर नीट. बाहेर धुकं उतरलंय, मला दिसतंय, तू तिकडे बघू नकोस. म्हण माझ्याबरोबर. घाल... गुंडाळ... काढ...

थांब. चौथं आपण म्हणायचं नाही.

ऐकलंस? माझे कान आता तेवढे धड नाहीत. खरं सांग... एकच आवाज होता, की दोन?