स्टुलावरचा विडा

खड्डा आला की इद्रिस स्वतःची कंबर सोडून ड्रम सांभाळायचा. कर्जतहून कशेळ्याकडे निघालेल्या टेंपोत तो सामानाला मिठी मारून बसला होता. काम साधंच होतं. मोरूच्या मामाची एक बंद भातगिरणी रस्त्यापासून आत होती. तिथे सामान उतरवायचं, गाणी टेपवर घ्यायची आणि दसऱ्याला कर्जतात कॅसेट काढायची. साल अठ्ठ्याऐंशी होतं आणि इद्रिस, मोरू, कान्हा या तिघांच्याही अंगात भलती हौस होती.

बँडचं नाव ‘पोलाद’. माथेरानच्या हॉटेलात कामाला असताना कान्हाला एका पाहुण्याने परदेशी कॅसेटी दिल्या, तेव्हापासून त्याचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. पत्र्यावर करवत चालावी तशी गिटार आणि सरळ चालता चालता मध्येच वाट सोडणारा ताल. एकेक गाणं पंगतीच्या जेवणाइतकं लांब. मोरू रसायनीत फिटर होता. त्याने घरी बनवलेला अँप्लिफायर लावला की आळीतले दिवे मिणमिणायचे. गावकरी म्हणायचे, "बेंजोवर वरात नाचते, या पोरांवर म्हशी उधळतात."

सगळं झकास चाललं होतं, एक ‘कातळ’ सोडून. ते शेवटचं गाणं, त्यावरूनच कॅसेटचं नाव. त्याच्या मधोमध सात मात्रांचा तुकडा होता. इद्रिसचा हात लहानपणापासून आठावर वाढलेला, तिथे दरवेळी घसरायचा. टेंपोतून उतरताना कान्हा त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "तू भावासारखा हायेस रं. पन या खेपेला चुकलास तर मुंबईचा पोरगा आनावा लागंल."

इद्रिस "बरं" म्हणाला आणि ड्रम उतरवायला लागला. ड्रमशिवाय आपण म्हणजे नुसता रमजानच्या दुकानात कॅसेटी पुसणारा धाकटा भाऊ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो शुक्रवार होता. सामान लावून इद्रिस नमाजाला गेला. इकडे कान्हाने नारळ फोडला. नव्या जागी वाजवायचं तर त्या जागेच्या राखणदाराचा विडा उंबऱ्यावर ठेवायचा, ही तिकडची रीत. पण उंबऱ्यावर उंदरांच्या लेंड्या. मग कान्हाला चांगली स्वच्छ जागा दिसली ती ड्रममागचं स्टूल. त्याने विडा तिथेच ठेवला, हात जोडले आणि तारा जुळवायला बसला.

इद्रिस परतला आणि स्टुलावर बसला. दुपार टळटळीत होती, पण गिरणीत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जुन्या कोंड्याचा कुबट वास, त्यात तेलाचा. पत्रा उन्हाने तडतडत होता. कोपऱ्यात कोंड्याचा ढीग तसाच पडला होता. मोरूने टेपचं यंत्र चालू केलं.

‘कातळ’ सुरू झालं. सात मात्रांचा तुकडा आला आणि इद्रिसच्या घामेजल्या हातातून काठीच सुटली. ती घरंगळत गिरणीच्या मशीनखाली गेली. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. पण कान्हा डोळे मिटून वाजवत होता, मोरूची मान खाली होती, आणि ड्रम... ड्रम थांबले नव्हते.

इद्रिसने आपले हात मांडीखाली दाबून धरले. समोरचं कातडं थरथरत होतं.

टेप मागे नेऊन ऐकली तेव्हा कान्हाने त्याला उचलूनच धरलं. "काय वाजवलंस रं! मुंबईचा पोरगा मरू दे तिकडं!"

"कान्हा, माजी काठी..."

"आनि काय रं, विडा गिळलास ना एकट्यानं? इचारलंस तरी?"

"कुठला विडा?"

"स्टुलावरचा."

"स्टूल रिकामंच हुतं," इद्रिस म्हणाला. कान्हा हसला. इद्रिसही हसला, कारण खरं सांगितलं असतं तर मुंबईचा पोरगा दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिला असता.

त्यानंतर मात्र सरावाला बसलं की त्याचे हात मनगटापासून गार पडायचे. काठ्या आपोआप चालायच्या, एकही ठोका न चुकता. कान्हा खूश, मोरू खूश. इद्रिसला मात्र आपलेच हात दुसऱ्याला उसने दिल्यासारखे वाटायचे. जेवताना तो बोटं हलवून बघायचा. शेवटी टेप घेऊन तो गोमाआजाकडे गेला. गोमा जुन्या बेंजो पार्टीचा म्होरक्या, निम्म्या तालुक्याची लग्नं त्याने वाजवली होती.

गोमाने डोळे मिटून ऐकलं आणि त्याची विडी हातातच विझली. "ह्यो हात तुजा नाय, पोरा. ह्यो हिरूचा. गिरनीत पोती उचलायचा आनि जेवनाच्या सुट्टीत कोंड्यावर बसून ढोलकी कुटायचा. मेला त्याला जमाना झाला."

इद्रिसने विड्याची हकीकत सांगितली. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला.

"आरं, राखनदाराचा विडा उंबऱ्यावं. बसायच्या जागी विडा ठिवला म्हंजी वाजवनाऱ्याला बोलावनं केलं! आनि बोलावलेल्या मानसाला बिदागी दिल्याबिगर धाडतात व्हय? तो उठंल कसा?"

"दिली तर जाईल?"

"जाईल. पन मग दसऱ्याला तुजं तुला वाजवावं लागंल." गोमा त्याच्याकडे रोखून बघत राहिला. "नाय दिलीस, तर जन्मभर वाहवा. फकस्त ती तुजी नाय."

दसऱ्याच्या सकाळी रमजानच्या दुकानात ‘कातळ’ खपायला लागली. पोरांची झुंबड उडाली. सगळे एकच सांगत होते, "त्या शेवटच्या गान्यातला ड्रम ऐक!" इद्रिसला ते गोडही लागत होतं आणि खुपतही होतं. दुपारी कार्यक्रम होता. तो कोणाला न सांगता सायकल काढून निघाला, नारळ आणि कोरं उपरणं घेऊन.

गिरणीत तो एकटाच शिरला. त्याने स्टूल होतं त्या जागी उपरणं अंथरलं, त्यावर नारळ ठेवला. मग हात जोडले.

"हिरूबाबा... लय झ्याक वाजवलंत. ही तुमची बिदागी. आता माजं मी बघतो."

पत्राही तडतडला नाही. मग कोपऱ्यातल्या ढिगावर कोणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठावं तसा कोंडा खाली घसरला. इद्रिस मागे न बघता सायकलवर बसला. वाटेत कुठेतरी त्याच्या लक्षात आलं, हात ऊबदार झाले होते. भीतीने म्हणा, आनंदाने म्हणा, त्याला रडूच फुटलं.

कर्जतच्या हॉलमध्ये गर्दी मावत नव्हती. सात मात्रांचा तुकडा आला आणि इद्रिस चुकला. सवयीने आठवा ठोका पडलाच. कान्हाने मान वळवली. इद्रिसने दात आवळले, एक आवर्तन सोडलं, पुढच्याला पकडलं आणि मग जो सुटला तो थेट शेवटापर्यंत. पोरं बाकांवर चढून नाचली. त्यांना सात काय नि आठ काय.

"चुकलास," कान्हा पडद्यामागे घाम पुसत म्हणाला.

"चुकलो."

"पन आज तू वाजवत हुतास. इतके दीस यंत्र वाजल्यागत वाटायचं रं. मुंबईचं नाव पुन्हा काढनार नाय."

इद्रिसला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रमजान आला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "इद्रिस, कॅसेटी परत यायला लागल्यात. शेवटच्या गान्यात ड्रमच नाय!"

"सकाळी तर हुता."

"सकाळी हुता. आता एकीतबी नाय. ऐक."

त्याने हातातला टेपरेकॉर्डर इद्रिसच्या कानाशी धरला. गिटार होती, कान्हाचा आवाज होता. ड्रमच्या जागी कोणी म्हातारा हळू आवाजात मात्रा मोजत होता. मधल्या तुकड्यात तो सातावर थांबला, क्षणभर दम खाल्ला आणि खुदकन हसला.

"आठवा पडला रं, इद्रिस... पन झ्याक सावरलंस."

परत आलेली ही कॅसेट रमजानने कार्यक्रमाआधीच विकली होती.